हॅमस्टरची जोडी आणायचीय? आधी अकरा तालुक्यांची गोष्ट ऐका

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा दीड जीबी दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, जरा नीट केलंय एवढंच. मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या, त्या काढल्या.

मागच्या महिन्यात मी आमच्या हॅमस्टरचा फोटो स्टेटसला टाकला आणि मेसेज सुरू झाले. अर्ध्या लोकांना "हा उंदीर कोणता?" एवढंच विचारायचं होतं. उरलेल्यांचा प्रश्न एकच: "दादा, जोडी आणली तर पिल्लं विकून पैसे सुटतात का?" माजलगावच्या एका पोरानं तर रील बघितलं होतं, घरबसल्या महिन्याला इतके हजार वगैरे. त्याला व्हॉइस नोट करायला बसलो, अकरा मिनिटं झाली तरी संपेना. म्हटलं, एपिसोडच करू.

पैशाचं उत्तर आधीच देतो, म्हणजे ज्यांना तेवढंच पाहिजे ते जाऊ शकतील. मी वहीत हिशोब ठेवला होता. पेट्या, चाक, पाण्याची बाटली, दाणे, एसटीचं भाडं मिळून खर्च तीन हजार चारशे. उत्पन्न दोनशे रुपये. तेही नंतर परत द्यावे लागले, ते पुढं येईल.

आता गोष्ट. २०२२ च्या दिवाळीनंतर मी आणि बहीण औरंगाबादला गेलो होतो (तेव्हा अजून पाट्या बदलल्या नव्हत्या). तिथल्या एका दुकानात सोनेरी रंगाचे दोन हॅमस्टर एका पिंजऱ्यात होते. दुकानदार म्हणाला, "जोडी आहे, एकत्रच ठेवा, एकटा ठेवला तर उदास होतो." आम्ही घेतले. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून एसटीत बसलो. गेवराई स्टँडवर बघतो तर खोक्याचा एक कोपरा कुरतडून झालेला, आणि शेजारच्या मावशी आमच्याकडं अशा बघतायत की आता कंडक्टरला सांगणार. बहिणीनं ओढणी गुंडाळून बीडपर्यंत खोकं मांडीवर धरून आणलं.

घरी एका पिंजऱ्यात दोघं. तिसऱ्या रात्री दोन वाजता किंचाळण्याचा आवाज. नराच्या पाठीवर आणि मागच्या बाजूला चावे, रक्त. मादी मस्त दाणे खात बसलेली.

इथं पहिली गोष्ट समजून घ्या. दुकानात जो मोठा, सोनेरी किंवा क्रीम रंगाचा मिळतो तो सीरियन हॅमस्टर. तो एकटा राहणारा प्राणी आहे. "एकटा उदास होतो" हे आपलं माणसाचं डोकं. वयात आलेले दोन सीरियन एका पेटीत राहत नाहीत, भाऊ-भाऊ असले तरी नाही, बहिणी असल्या तरी नाही. त्यात मादी नरापेक्षा अंगानं मोठी आणि तापट. छोटे, अंगठ्याएवढे ड्वार्फ जातीचे असतात त्यांचं थोडं वेगळं, ते कधी कधी जोडीनं नांदतात. पण त्यांची अडचण दुसरी: मादी व्यायली की दिवसभरात पुन्हा गाभण राहू शकते, नर सोबत असला तर. म्हणजे एक वीण दूध पितेय आणि दुसरी पोटात.

तर आम्ही पेट्या वेगळ्या केल्या. आणि आणल्यापासून नवव्या दिवशी सकाळी मादीच्या घरट्यातून चुंई-चुंई आवाज. दुकानातूनच गाभण आली होती. सीरियनचा गर्भकाळ १६ दिवसांचा असतो. सोळा! मांजराला दोन महिने लागतात, शेळीला पाच. ओळखीचा दुसरा कुठलाही पाळीव प्राणी एवढ्या लवकर वीत नाही.

मी काय केलं? जे तुम्ही केलं असतं तेच. झाकण उघडलं, टिश्यू बाजूला केला, मोबाईलचा टॉर्च लावला, फोटो काढले. सात पिल्लं मोजली. गुलाबी, डोळे बंद, शेंगदाण्याएवढी. एक हातावर घेऊन बहिणीला दाखवलं. आजी म्हणाली, "अरे, बाळंतिणीच्या खोलीत कुणी असं शिरतं का?" मी हसलो. संध्याकाळी चार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही नव्हतं. आईनं खाल्ली होती.

बहीण दोन दिवस त्या मादीकडं बघायला तयार नव्हती. मला पण वाटलं, ही वेडी आहे. मग वाचायला लागलो.

आणि वाचताना कळलं की आपल्या घरातल्या हॅमस्टरचा इतिहासच अशा एका प्रसंगानं सुरू होतो. १९३० साली इस्रायल अहारोनी नावाचे प्राणीशास्त्रज्ञ जेरुसलेमहून सीरियातल्या अलेप्पोला गेले. काळा आजारावर काम करणारे सॉल ॲडलर यांना प्रयोगासाठी हॅमस्टर पाहिजे होते. गव्हाच्या शेतात खोल खणल्यावर एक मादी आणि ११ पिल्लं सापडली. डब्यात ठेवल्यावर मादीनं घाबरून पहिल्याच पिल्लाचं डोकं चावलं. बाकीची वाचवायला अहारोनींनी मादीलाच मारलं आणि पिल्लं हातानं वाढवली. त्यातली काही पळाली, काही मेली. जी उरली त्या भावा-बहिणींपासूनच पुढची पैदास झाली आणि वर्षभरात दीडशेच्या आसपास हॅमस्टर झाले. नंतर जंगलातून आणखी थोडे पकडून आणले गेले, पण जगभरच्या दुकानांतले जवळपास सगळे सीरियन हॅमस्टर त्या एका घरट्याचे वंशज आहेत. आणि तिकडं रानात? तिथं ही जात आता संकटग्रस्त यादीत आहे. दुकानात ढिगानं, शेतात दिसत नाही.

आपल्याशी नातं पण आहे. २०२२ च्या जानेवारीत १५ ते १८ वयाच्या पोरांना लस सुरू झाली, ती कोव्हॅक्सिन, आठवतंय ना? तिची प्राण्यांवरची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत सीरियन हॅमस्टरवर झाली होती. साध्या प्रयोगशाळेतल्या उंदराला तो मूळ विषाणू नीट लागत नव्हता, हॅमस्टरला लागत होता, म्हणून हॅमस्टर. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या दंडातल्या सुईमागं हा प्राणी आहे.

बरं, आई पिल्लं का खाते. कारण एकच नाही. पहिली वीण, माणसाचा वास, उजेड, आवाज, पाणी संपलेलं, अंगात प्रथिनं कमी. पण १९७७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एक वेगळीच गोष्ट दाखवली. त्यांनी काही माद्यांची पिल्लं काढून घेतली, काहींच्या घरट्यात जास्तीची ठेवली. ज्यांची काढली त्यांनी कमी खाल्ली, ज्यांच्यात वाढवली त्यांनी जास्त. म्हणजे ती वेडी नसते. आपल्याला किती पोसता येतील याचा ती हिशोब करते. हा हिशोब माणसाला बघवत नाही ही वेगळी गोष्ट. अजून एक: कधी कधी धोका वाटला की आई पिल्लं गालाच्या पिशवीत भरून दुसरीकडं नेते. ते बघून "खाल्लं, खाल्लं" म्हणून ओरडू नका. लांब व्हा.

दुसऱ्या वेळेला मी तयारी केली. फेब्रुवारीच्या शेवटी, नराच्या जखमा भरून महिना उलटल्यावर.

मादीचं चक्र चार दिवसांचं असतं. चारातल्या एका रात्री ती माजावर येते, अंधार पडल्यावर. ओळखायचं कसं, तर पाठीवर हलकं बोट फिरवलं की ती जागच्या जागी गोठते, शेपटी वर करून. बाकीचे तीन दिवस बोट लावलं तर पळेल नाहीतर चावेल. त्या रात्री मादीला नराच्या पेटीत सोडायचं, नराला मादीच्या नाही. स्वतःच्या घरात आलेल्याला ती सोडत नाही. हातात जाड मोजा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन समोर बसायचं, अर्ध्या तासात तिला काढून तिच्या पेटीत. जोडी लावून झोपायला जायचं नाही. दुसऱ्या दिवशी मादीच्या मागं पांढरा, चिकट, वास येणारा स्राव दिसतो. मी घाबरलो होतो. ते नॉर्मल असतं, माज संपल्याची खूण.

मादी पहिल्या वेळेला चार ते सहा महिन्यांची असावी. वर्षाच्या मादीला पहिल्यांदा लावू नका, अडते. आणि रंगाचं एक लक्षात ठेवा. अंगभर पांढऱ्या केसांत रंगीत केस मिसळलेला, ज्याला रोन म्हणतात, तसे दोन एकत्र आणले तर साधारण चारातलं एक पिल्लू डोळ्यांशिवाय जन्मतं. पांढऱ्या पोटाचे दोन असतील तरी तीच भीती. दुकानातून आणलेल्या प्राण्याचे आई-बाप कोण होते हे आपल्याला माहीतच नसतं. म्हणून खरं तर दुकानातला प्राणी वीण घेण्यासाठी आणूच नये. मला हे जोडी लावून झाल्यावर कळलं. माझं नशीब, आमचे दोघंही साधे सोनेरी होते.

पोट वाढायला लागल्यावर तिला ज्वारी-बाजरीच्या जोडीला उकडलेल्या अंड्याचा तुकडा, बिनमिठाचं पनीर, मोड आलेले मूग. काकडी आणि कोथिंबीर चालते. कांदा, लसूण, मोसंबी, फरसाण अजिबात नाही (मोसंबी आमच्या गेवराईकडं फुकट मिळते म्हणून सांगतोय). बाराव्या दिवशी पेटी शेवटची साफ केली आणि झेरॉक्स सेंटरमधून कोऱ्या कागदाच्या कडांच्या पट्ट्या आणून भरपूर टाकल्या, वरून साधा टिश्यू. कापूस टाकू नका. पिल्लाच्या पायाला त्याचे धागे गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं बंद होतं. कडबा कुट्टी टोचते. वखारीतला वासाचा भुसा नाकाला त्रास देतो.

आणि मुंग्या! हे कुठल्या इंग्रजी व्हिडिओत सांगत नाहीत. आपल्याकडं उघड्या पिल्लांना मुंग्या लागल्या तर काही उरत नाही. आई दुधाच्या पातेल्याला करते तेच: पेटी चार वाट्यांवर, वाट्यांत पाणी.

सोळाव्या दिवशी आवाज आला. या वेळेला मी झाकणाला हात लावला नाही. पाणी आणि दाणे बाहेरूनच. पिल्लं जन्मतः आंधळी, बहिरी, पण गंमत बघा, पुढचे दात घेऊनच येतात. आठवडा-दहा दिवसांत डोळे बंद असतानाच घरट्याबाहेर येऊन दाणा चघळायला लागतात. साधारण पंधराव्या दिवशी डोळे उघडतात, तेव्हा पहिल्यांदा मोजली. आठ. बहीण म्हणाली, आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके, तीन कमी पडले. तरी तिनं नावं ठेवलीच. केज, आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी, शिरूर, परळी आणि गेवराई. गेवराई सगळ्यात खादाड.

आता बेरीज करा, कारण रीलवाले हीच बेरीज दाखवतात. पिल्लं चार-पाच आठवड्यांत वयात येतात. आठातल्या चार माद्या धरल्या आणि भाऊ-बहीण एकत्रच राहिले, तर पहिली पिल्लं जन्मल्यापासून दोन महिन्यांच्या आत आई-बाप, आठ मुलं आणि ३२ नातवंडं. बेचाळीस. रीलवाला म्हणतो, बेचाळीस गुणिले दोनशे. मी म्हणतो, सीरियन असतील तर बेचाळीस पेट्या, आणि बीडमध्ये बेचाळीस गिऱ्हाईकं दाखव.

म्हणून चौथ्या आठवड्यात नर-मादी वेगळे करायचेच. उलटं धरून बघा: मादीमध्ये मागची दोन छिद्रं अगदी जवळ, नरामध्ये अंतर जास्त. जरा मोठा झाला की नराच्या बुडाशी दोन फुगवटे दिसतात, मग शंका राहत नाही. मी वडवणीला नर समजलो होतो. नशिबानं एका आठवड्यात कळलं. दोन महिन्यांच्या आसपास प्रत्येकाला वेगळी पेटी. आमच्या हॉलमध्ये पेट्यांची चाळ झाली होती. वडील टीव्ही बघायला शेजारी जायला लागले.

वेगळे केल्यावर पाटोदा मलूल झाली. शेपटीकडचा भाग ओला, वास, पाठ वाकलेली. याला वेट टेल म्हणतात, तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना होतो, ताणानं उचल खातो आणि दोन दिवसांत प्राणी जातो. रात्र होती, घरात माझ्या घशाच्या वेळची अमॉक्सिसिलिनची पट्टी उरली होती. मी चिमूटभर पाण्यात दिली.

हे वाक्य नीट वाचा. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन हॅमस्टरला मारतं. त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात, त्यांच्या विषानं प्राणी जातो. माणसाला साधं असलेलं औषध त्याला विष. पाटोदा सकाळपर्यंत गेली. आजारानं गेली की माझ्या औषधानं, ते मला सांगता येणार नाही. बहिणीला मी हे या एपिसोडच्या रेकॉर्डिंगपर्यंत सांगितलं नव्हतं.

नंतर जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांसमोर रांगेत दोन म्हशी, एक शेळी आणि खोक्यात माझी परळी. लोक हसले, डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, मी रोज चारशे किलोच्या जनावराचा डोस काढतो, शंभर ग्रॅमचा काढायचा तर आधी वजन आण. त्यांनी फोनवर दुसऱ्या डॉक्टरांना विचारून मग औषध दिलं. सांगायचं म्हणजे, जोडी लावायच्या आधी जवळचा कोणता डॉक्टर हा प्राणी बघेल ते विचारून ठेवा. मी उलटं केलं.

मग मे आला. हॅमस्टरला १८ ते २४ अंश बरं वाटतं. तिशीच्या वर तो सुस्तावतो, पस्तिशीकडं उष्माघात. आणि आपला मे? चाळीस म्हणजे आपण "आज जरा बरं आहे" म्हणतो. मी माठ फोडून अर्धे माठ उलटे घालून दिले होते, फ्रीजमधली बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवत होतो. चालत होतं. मग केजला एक लग्न होतं, सगळे गेलो, दुपारभर लाईट गेली. परत आलो तेव्हा धारूर आणि शिरूर वरच्या फळीवरच्या पेट्यांत आडवे पडलेले. खालच्या फरशीवरचे वाचले होते. एवढाच फरक, वर आणि खाली. पत्र्याचं घर असेल तर हा प्राणी आणूच नका, राग आला तरी चालेल. आणि मार्च ते पहिला पाऊस या काळात पिल्लं घरात असतील अशी जोडी लावू नका. मी फेब्रुवारीच्या शेवटी लावली, तिथंच चुकलो.

हिवाळ्यात पण एक गंमत असते. दिवस साडेबारा तासांपेक्षा लहान झाला की सीरियन नराची प्रजननाची तयारी मंदावते. आपल्याकडं डिसेंबरात दिवस अकरा तासांचा. पण घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाईट असते, म्हणून त्याला कळतच नाही हिवाळा आहे ते.

उरले पाच. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, दोनशे रुपये. आठ दिवस फक्त हसण्याचे इमोजी. एक काका केज घेऊन गेले, नातवासाठी. चौथ्या दिवशी परत आणला, घरात मांजर आहे म्हणून. दोनशे परत. शेवटी आष्टी आणि केज मित्राला पेटीसकट फुकट दिले, वडवणी कॉलेजच्या मैत्रिणीला. गेवराई आणि परळी आमच्याकडंच राहिल्या.

कायद्याचं थोडक्यात: २०१८ च्या पेट शॉप नियमांत हॅमस्टरचं नाव स्पष्ट आहे, आणि पाळीव प्राणी विकायचं दुकान चालवायला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. म्हणजे "घरबसल्या धंदा" म्हणणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा, बघा काय म्हणतो. आणि पिल्लं जास्त झाली म्हणून शिवारात सोडून येऊ नका. पाळीव हॅमस्टर तिथं एक रात्र काढत नाही. मांजर, घुबड, धामण. काढलीच तर ते शेतकऱ्याच्या डोक्याला ताप.

माजलगावच्या त्या पोराला मी हे सगळं पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "दादा, जोडी कालच आणली." तर त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी. आजच रात्री दोघांना वेगळं करा. पेटी नसेल तर धान्याची मोठी प्लास्टिकची कोठी चालते, झाकणाला तापवलेल्या खिळ्यानं भरपूर भोकं पाडा. पाणी दोन्हीकडं. मादीच्या पेटीत जास्त कागद. कॅलेंडरवर आजपासून सोळा दिवस मोजून खूण करा, ड्वार्फ असेल तर बावीस. त्या खुणेपर्यंत मादीच्या घरट्यात हात नाही, टॉर्च नाही, फोटो नाही. खूण उलटून गेली आणि काहीच आवाज आला नाही, तर मला व्हॉइस नोट करा आणि एक पेढा खा.